ढेपेतली दोन नाणी

—अगं नको, वरचा दिवा नको लावूस. वरून उजेड पाडून नाणं दाखवतात ते विकणारे. बघणाऱ्याने खिडकीशी यावं, नाणं आडवं धरावं, म्हणजे उजेड त्याच्या अंगावरून घसरत जातो आणि काय उंच, काय खोल ते आपोआप कळतं. ये, स्टूल ओढ इकडे. ते नको, त्याचा एक पाय लुळा आहे, त्याला मी नुसतं सोबतीला ठेवलंय. हं. बस. बाबांना सांगून आली नाहीस ना? नाहीच, तोंडावर लिहिलंय. इतक्या वर्षांत तुझ्या बापाच्या दुकानातलं कुणी माझा जिना चढलं नाही, आणि तू आलीस तीही धापा टाकत, चपला हातात घेऊन— चपला कशाला गं हातात? खालच्या इस्त्रीवाल्याला चाहूल लागू नये म्हणून? तो ठार बहिरा आहे! पाणी पी आधी. आत्याला भेटायला आलीस का म्हणून मी विचारणार नाही, रुमालाची गाठ दिसतेय मला. सोड ती.

काय म्हणाला तो म्हातारा संग्राहक फोनवर? पुन्हा सांग, सावकाश सांग, मला ऐकायला बरं वाटतंय. ‘तुमच्या फोटोतली दोन नाणी मला सख्ख्या बहिणी वाटतात.’ वा! डोळा आहे म्हाताऱ्याला. आणि तुझा बाप काय म्हणाला? म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय म्हणाला? आणि हसला. हसणारच. तुला मात्र झोप आली नाही. आणि उद्या तर तो माल बघायला येणार, तोही एकटा नाही, सगळे व्यापारी बोलावलेत, दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यात— मला कसं माहीत? मला सगळं माहीत असतं. बाजारात माझं नाव कुणी काढत नाही, म्हणून काय मला कानही नाहीत?

बरं, ठेव दोन्ही शेजारी शेजारी. या काळ्या कपड्यावर. क्रूस वर येऊ दे. मी हात लावत नाही, तूच बघ, आणि मी विचारते त्याचं उत्तर दे. अक्षर कुठलं दिसतं? पी. म्हणजे पोतोसीची टांकसाळ, स्पेनच्या राजाची, समुद्रापलीकडे, पार डोंगरात. क्रूसाच्या चार घरांत काय आहे? दोन किल्ले, दोन सिंह. तारीख नाही, ती बिचारी बहुतेक वेळा कडेबाहेरच जाते. इथपर्यंत सगळं बरोबर. आता ही बनवायचे कशी ते सांगितलंय का कुणी तुला? दुकानात काय, विकायला शिकवतात. चांदीची कांब ओतायची, काकडीसारखे तिचे काप करायचे. काप जड भरला की कात्रीने कड कातरायची, वजन बसलं की दोन ठशांमध्ये ठेवायचा आणि वरून हातोडा घालायचा. गोल आला तर आला, नाहीतर बटाट्यासारखा! राजाला वजनाशी मतलब. म्हणून तर यांच्यात एकसारखी दोन होत नाहीत. ठसा एक असेल, हातोडा मारणारा एक असेल— पण काप वेगळा, कातरलेली कड वेगळी, घाव वेगळ्या जागी, घावाने कडेला गेलेली चीर वेगळी. माणसांत जुळी होतात, यांच्यात होत नाहीत. कळलं? मग आता या डावीकडच्या नाण्याच्या चिरेवर नख ठेव. क्रूसाच्या टोकाशी, खाली वळलेली. हं. आता तेच नख दुसऱ्याच्या त्याच जागेवर ने.

लागली ना चीर?

तशीच वळलेली, तेवढीच खोल. म्हणजे ओतीव आहेत दोन्ही, एकाच साच्यातली. एकीची कड नंतर कातरून कानशीने घासली, वेगळी दिसावी म्हणून, आणि दुसरीला शिंपल्याचा चुरा चिकटवलाय. समुद्राने खाल्ल्यासारखी दिसावी म्हणून अंगावरून ॲसिड फिरवलंय— चांगलं फिरवलंय, घाई केलेली नाही. पण साचा घेताना हवेचा बुडबुडा अडकला की ओतलेल्या प्रत्येक नाण्यावर त्या जागी फोड येतो. खालच्या सिंहाच्या मागच्या पायाखाली बघ. भिंग घे, भिंगाशिवाय नाही दिसायचा, मोहरीपेक्षा लहान आहे. दिसला? दुसऱ्यावरही बघ. झालं! आता उद्या त्या हॉलमध्ये, एवढ्या खुर्च्यांसमोर, म्हाताऱ्याने दोन बोटांनी ही दोन उचलायची आणि शेजारी ठेवायची, बस. काही बोलायलाही नको. तुझ्या बापाचा आधी डावा कान लाल होतो, माहीत आहे ना? मग तो मान खाजवतो, मग उगाच खोकतो, मग पाणी मागतो. ते सगळं मी मागच्या भिंतीला टेकून बघणार आहे. कपडेसुद्धा इस्त्रीला दिलेत. कुणाची हिंमत आहे मला हाकलायची, हॉल भाड्याचा आहे, त्याच्या बापाचा नाही— म्हणजे माझ्याही बापाचा नाही, पण ते असो. आणि मालाच्या दाखल्याखाली त्याची ती लांबलचक शेपटीची सही! ‘अस्सल आहे, मी तपासले आहे.’ तीस वर्षं बाजार त्या शेपटीला हात जोडतोय. उद्या छाटली जाईल—

काय गं? काय बघतेस?

चष्मा? चष्म्याचं काय? ...हो, कपाळावर आहे. कपाळावरच असतो माझा. आणि नाणी मी हातात घेतली नाहीत, हेही खरं. मग फोड कसा दिसला, असं विचारतेस? अगं, अनुभव असतो, ओतीव नाण्याला कुठे ना कुठे फोड— नाही, सिंहाच्या मागच्याच पायाखाली का, ते मात्र मला... हुशार आहेस. आजोबांवर गेलीस.

हो. मीच केली.

डोळे एवढे मोठे करू नकोस, आहेत तेवढे पुरेत. मीच केली, याच टेबलावर, त्या कोपऱ्यातल्या भट्टीवर. तुमच्या मालात कशी आली? मीच घातली. तुझा बाप बुडालेल्या जहाजांतून आलेल्या ढेपा साफ करायला कुणाकडे देतो? त्या ॲसिडवाल्याकडे ना? त्याला दम लागतो आता, वाफ सहन होत नाही. तो मागच्या दाराने माझ्याकडे पाठवतो. दोन वर्षं झाली, तुमच्या दुकानातला समुद्राचा माल माझ्याच हातून जातोय, आणि तुझा बाप गिऱ्हाइकांना सांगतो, बघा काय सफाई आहे! मी कानाने ऐकलंय. समुद्रातून काय नाणी मोजून वर येतात का? ढेप येते. काळी, ओबडधोबड दगडासारखी, वाळू, शिंपले, जहाजाच्या खिळ्यांचा गंज, सगळं एकात एक. आत दहा आहेत की पन्नास, फोडल्याशिवाय कुणाला कळत नाही. जे माझ्या टबातून बाहेर येतं तोच हिशेब. चोर असते तर दोन काढली असती, मी दोन घातली. याला चोरी म्हणत असतील तर म्हणोत! चांदीसुद्धा बाहेरची नाही, त्याच ढेपेतला चुरा वितळवला. आणि साचा घेतला त्याच ढेपेतल्या खऱ्या नाण्यावरून, ते तुमच्या ट्रेमध्ये आहे— केसभर मोठं आहे, कारण चांदी थंड होताना आक्रसते, आणि त्याच्या सिंहाचा पाय स्वच्छ आहे. मी काही बिघडवलं नाही गं. बाकी सगळी नाणी अस्सल आहेत, मी स्वतः एकेक धुतलंय, बाळाला न्हाऊ घालावं तसं. मला फक्त तो हवा होता. त्याचा कान.

आता तू म्हणशील, इतकी वर्षं झाली, आत्या, विसरून जा. तुझी आई म्हणायचीच. वहिनी गोड बाई आहे, तिला सगळं विसरता येतं, कारण तिचं काही गेलंच नाही. मी दुकानात पंधरा वर्षं मान मोडून बसले, नाणी ओळखायची मी, सही करायचा तो. आणि एक नाणं खोटं निघालं, तर ते तेवढं माझं! त्यानंतर कुणी मला विचारलं नाही. लग्नाच्या बाजारात नाही, नाण्यांच्या बाजारात नाही. रस्त्यात ओळखीचा व्यापारी भेटला की पाकीट चाचपायचा, जणू मी हात घालणार आहे. दादाने दिवाणखान्यात माझा फोटोही ठेवला नाही— आहे? कुठे आहे? तुझ्या खोलीत. ...तुझ्या खोलीत. बरं.

पण तू अशी का बसलीस? मी खोटी नाणी केली म्हणून? अगं, उद्या बुडेल तो बुडेल, तुला मी काही होऊ देणार नाही. तुझी मला काळजी आहे. तुला मी भांड्यात कथील वितळवून बाहुली ओतून दिली होती, आठवते का? तिला नाक नव्हतं, तरी तू तिला घेऊन झोपायचीस. तुझ्यासाठी तर— काय?

कुणाची सही?

पुन्हा बोल.

तुझी? दाखल्यावर? या मालाच्या? कसं शक्य आहे! तो पेनाला कुणाला हात लावू देत नाही, तुझ्या आईला दुधाच्या पावतीवर सही करू देत नाही. मग याच मालावर... थांब. रडू नकोस. नाक पूस, आणि कसं झालं ते सांग, शब्द न् शब्द सांग. संध्याकाळी ट्रे घेऊन बसला. बरं. भिंगाखाली एकेक. बरं. मग यातलं एक हातात घेतलं... कुठलं? हे, कड कातरलेलं. आणि बराच वेळ बघत राहिला. कड फिरवून फिरवून. चहा गार झाला. मग भिंग खाली ठेवलं. तुला हाक मारली. पेन उघडून हातात दिलं. आणि म्हणाला—

‘आता तू मोठी झालीस. आजपासून सही तुझी.’

अरे देवा.

नाही, काही नाही. मी... तू आईला फोन केलास ना लगेच? केलाच असशील. वहिनी रडली असेल आनंदाने. आणि तू ते पेन उशीशी घेऊन झोपलीस. बोलू नकोस, मला माहीत आहे, मीही घेऊन झोपले होते. हेच वाक्य, पोरी. याच शब्दांत. आजोबा जाऊन महिना झाला नव्हता. सोन्याचं एक नाणं आलं होतं, ते मी बघितलंही नव्हतं, त्यानेच घेतलं, त्यानेच भिंगाखाली धरलं, आणि मला हाक मारून म्हणाला, आता तू मोठी झालीस. मला वाटलं, दादाला शेवटी दिसलं. मी सही केली. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक नाणं घेऊन परत आलं, तेव्हा हा काउंटरच्या पलीकडून म्हणतो, काय करू साहेब, बहिणीचा हट्ट होता सही करायचा. मी तिथेच उभी होते, हातात फडकं घेऊन. ‘बहिणीचा हट्ट.’ गिऱ्हाईक माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं हसलं.

म्हणजे तुझ्या बापाने ओळखलं. कळतंय का तुला? ओळखलं त्याने! बराच वेळ बघत होता ना, ते काही उगाच नाही. आजोबा आम्हा दोघांना लहानपणी नाणी ओतायला लावायचे, नक्कल केल्याशिवाय नक्कल ओळखता येत नाही म्हणायचे. मग आमची ओतलेली खऱ्यांत मिसळून समोर टाकायचे, निवडा म्हणायचे. हा खरं-खोटं कधी धड सांगू शकला नाही, पण माझं मात्र बरोबर उचलायचा. मी डावखुरी, माझ्या कानशीचे ओरखडे उलटे पडतात. ही कड बघ. उजव्या हाताचा माणूस असं घासेल का? त्याला नाणं नाही कळलं, त्याला माझा हात कळला. आपली बहीण मालात शिरलीय हे त्याला कळलं, आणि त्याने ते नाणं बाजूला काढलं नाही, गाजावाजा केला नाही, पोलीस बोलावले नाहीत— मुलीला हाक मारली. माझा दगड माझ्याकडे परत फेकला आणि मध्ये तुला उभं केलं...

हे मी बोलायला नको होतं. तू ऐकलं नाहीस असं समज. नाही, कसं समजशील.

इकडे बघ. ऐक माझं. हुंदके नंतर देऊ, वेळ नाही. अजून काही बिघडलेलं नाही, उलट आता जास्त चांगलं जमतं. ज्या टांकसाळीचं हे नाणं आहे ना, तिथे एकदा चांदीत भेसळ झाली होती. राजाने काय केलं? कस बघणाऱ्याचा जीव घेतला, टांकसाळीच्या पीबरोबर ज्याचं अक्षर नाण्यावर त्याचा! आपल्या घरात पद्धत उलटी, बघणारा मोकळा, आणि बाईमाणसाचं अक्षर फासावर. ही पद्धत उद्या मोडायची. म्हाताऱ्याने तोंड उघडायच्या आधी तू उठायचं. सगळे बसले की लगेच. म्हणायचं, या मालावर सही माझी आहे, आणि त्यातली दोन नाणी ओतीव आहेत, माझी चूक मीच पकडली, ती मी मागे घेते. मग मी दाखवलं तसं दाखवायचं, आधी चीर, मग फोड, शेवटी खरं नाणं शेजारी ठेवून ते केसभर मोठं कसं ते. घाबरायचं नाही, आवाज चढवायचा नाही. स्वतःची चूक स्वतः सांगणारा पारखी बाजाराने बघितलेला नाही, तुला डोक्यावर घेतील. आणि तो? तो शेजारी बसलेला असेल. काय बोलणार? मी ओळखली होती म्हणाला, तर खोटं मुलीच्या गळ्यात बांधलं म्हणून तोंडावर थुंकतील. नव्हती ओळखली म्हणाला, तर पोरीला दिसलं ते बापाला दिसलं नाही! उभा राहिला तरी मेला, बसला तरी मेला. मी भिंतीला टेकून बघेन, आणि तो मला बघेल, आणि त्याला कळेल, आणि एक शब्द बोलता येणार नाही त्याला— इतकं चांगलं तर मला एकटीला सुचलंही नसतं!

फक्त माझं नाव घ्यायचं नाही. ही कुठून आली, माहीत नाही म्हणायचं. ढेपेतून आली. म्हण बघू एकदा माझ्यामागून. ‘या मालावर सही माझी आहे.’ म्हण. तोंडात बसू दे. ‘या मालावर...’ अगं, म्हण ना. उद्या तिथे अडखळलीस तर सगळं पाण्यात जाईल. मान ताठ कर. हात असा ठेव. ‘त्यातली दोन नाणी—’

काय?

त्याने पेन दिलं, आणि मी वाक्यं देतेय?

असं बोलतेस तू मला? मला? मी तुला वाचवायला बघतेय, बाई! तुझ्या बापाने तुला ढकललं, मी हात देतेय. दोन्ही एक वाटतं तुला? मी घातली तेव्हा मला काय ठाऊक, की तो तुला... मला नव्हतं ठाऊक! त्याला होतं! हा फरक तुला दिसत नाही? केसाएवढा फरक दिसतो तुला नाण्यातला, आणि हा दिसत नाही?

रुमाल का बांधतेस? ठेव ती इथे. ...सगळं सांगणार म्हणजे? सगळं काय सगळं? ढेपही, भट्टीही? ॲसिडवाल्याचं नाव घेऊ नकोस, त्याची लेकरं आहेत. आणि माझं? माझंही सांगणार. उभी राहून, सगळ्या खुर्च्यांसमोर. आत्याने केली, बाबांनी ओळखली, मी न बघता सही केली. अशी तिघांची नावं एका दमात? अगं, मला जे येतं ते एवढंच आहे, या टेबलावरचं. उद्यानंतर तो दमेकरीसुद्धा मला ढेप देणार नाही. मी काय करू मग, इस्त्री करू खालच्या बहिऱ्याकडे?

नको, हात धरू नकोस. माझ्या डोळ्यांत काही नाही, ॲसिडने असे होतात.

बरं. सांग. तुझी सही आहे, तुला हवं ते सांग, मी कोण अडवणारी. पण एक ऐक. अगं ऐक तरी, चपला घाल आणि ऐक. सांगायचंच असेल तर आधी त्याचं सांग. माझं नंतर. नाहीतर माझं ऐकून लोक उठून जातील, आणि त्याचं राहून जाईल. कळलं? आधी त्याचं.

जा आता. दार ओढून घे.